झिंक ऑक्साइडच्या फिल्मचा रेझिस्टन्स दीड महिन्यात तिप्पट, कशामुळे?

रावेरकर:
नमस्कार मंडळी, जळगावला पीएचडी करतोय, दुसरं वर्ष. स्प्रे पायरोलिसिसने, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून, अॅल्युमिनियम डोप केलेल्या (किंचित मिसळलेल्या) झिंक ऑक्साइडची फिल्म बनवतो, सबस्ट्रेट (खालची काच) ४५० डिग्रीला. एप्रिलच्या सुरुवातीच्या बॅचचा रेझिस्टन्स ९० ओहम होता, चौकोनी तुकड्याच्या दोन टोकांना सिल्व्हर पेस्ट लावून मोजतो, आता तोच तुकडा ३१० दाखवतोय. एक्सआरडी (एक्स-रे टाकून क्रिस्टलची रचना बघायची चाचणी) जसाच्या तसा, आलेखातलं एकही टोक हललेलं नाही. पावसाळा अजून लांब, बाहेर ४४ डिग्री आणि हवा कोरडीठाक, म्हणून ओलाव्याचा प्रश्न नाही असं धरून चाललोय. सर म्हणतात नवीन बॅच कर, पण कारण कळल्याशिवाय मला पुढे जायचं नाहीये.

धुळ्याचा_मास्तर:
भाऊ, आधी फिल्म म्हातारी झाली की कॉन्टॅक्ट ते बघ. सिल्व्हर पेस्टची कड उचलली जाते, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. फोर प्रोबवर मोज (दोन टोकांतून करंट, वेगळ्या दोन टोकांवर व्होल्टेज), त्यात कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स आकड्यात येत नाही. आणि मोजायच्या आधी तुकडा रात्रभर अंधारात ठेव बरं का, झिंक ऑक्साइडवर ऊन पडलं की रेझिस्टन्स उतरतो आणि परत चढायला कित्येक तास घेतो, म्हणजे खिडकीजवळ दुपारी मोजलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तर फिल्म तीच आणि आकडे वेगळे.

नंदुरबारी:
लॅबमधे कूलर आहे का? आणि तुकडे नेमके कुठे ठेवतोस?

रावेरकर:
आहे ना, त्याच्याशिवाय मे महिन्यात बसवत नाही इथे. तुकडे पेट्री डिशमधे, टेबलावर... कूलरच्या बरोब्बर समोर. अरे देवा. शेजारच्या डेसिकेटरमधली (वस्तू कोरड्या ठेवायच्या बंद भांड्यातली) निळी सिलिका जेलपण ओलावा शोषून गुलाबी झालीये, आत्ता बघितलं.

नंदुरबारी:
मग बाहेरची हवा कोरडी असून काय उपयोग, तुझ्या टेबलावर पावसाळाच चालू आहे. स्प्रेची फिल्म पूर्ण भरीव नसते, दाण्यांच्या मधल्या सीमांतून पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन आत शिरतात, तिथे चिकटून इलेक्ट्रॉन धरून ठेवतात, आणि एका दाण्यातून दुसऱ्यात जायला अडथळा वाढतो. दाण्याच्या आतला क्रिस्टल तसाच राहतो म्हणून एक्सआरडी काही बोलत नाही. हॉल मेझरमेंट करून घे, कॅरिअरची (करंट वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनची) संख्या साधारण तेवढीच आणि मोबिलिटी (ते किती सहज धावतात ती) पडलेली असेल तर दोष सीमांचाच. सीआयजीएसच्या (कॉपर, इंडियम, गॅलियम, सेलेनियमच्या पातळ थराच्या) सोलर पॅनलमधे वरचा पारदर्शक थर बहुतेक वेळा हाच असतो, म्हणून तर त्यांच्या कडा एवढ्या जपून सील करतात आणि ८५ डिग्री, ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवून तपासतात. एक तुकडा व्हॅक्यूममधे २०० डिग्रीला तासभर तापव, रेझिस्टन्स उतरला तर वरवर चिकटलेलं निघालं असं समज.

रावेरकर:
चार दिवसांनी सांगतोय. अंधारात ठेवून फोर प्रोबवर २८० आला, म्हणजे कॉन्टॅक्टचा वाटा थोडाच. व्हॅक्यूममधे तापवल्यावर १२५. पूर्ण ९० वर नाही आला.

नंदुरबारी:
उरलेलं बहुतेक हायड्रॉक्साइड म्हणून पक्कं बसलंय, ते एवढ्यावर निघणार नाही. पुढची बॅच जरा जाड कर. सिलिका जेल १२० डिग्रीला निळी होईपर्यंत भाज, अर्धे तुकडे डेसिकेटरमधे आणि अर्धे टेबलावर तिथेच राहू दे, दोन्ही दर सोमवारी मोज. आणि आकड्यासोबत खोलीतली आर्द्रता आणि कूलर चालू की बंद हेपण वहीत लिहीत जा.