मदत हवी आहे: बेस्टच्या जुन्या बसचा कापडी बोर्ड कसा जपू? आणि त्यावरचा तुकडा काढू का नको?

नमस्कार मंडळी,

धागा कुठल्या विभागात टाकायचा कळेना म्हणून इथे टाकतेय, चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

गिरगावातलं आमचं घर रीडेव्हलपमेंटला गेलं, गेल्या महिन्यात माळा रिकामा करताना आजीच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं एक लांबडं बोचकं निघालं. मला वाटलं चटई असेल. सोडलं तर काळं जाड कापड, दोन्ही टोकांना लाकडी रूळ, आणि हातभर उलगडल्यावर एवढं मोठं "वरळी". बसच्या कपाळावर असायची ती गुंडाळी! आमचे आजोबा, अण्णा, बेस्टमध्ये कंडक्टर होते, आजी सांगते की भंगारात निघालेली, साहेबांना विचारून घरी आणली आणि मग कोणी तिच्याकडे बघितलंच नाही.

ज्यांनी फक्त एलईडीवाल्या बस बघितल्यात त्यांच्यासाठी, एकाच लांब कापडावर एकाखाली एक ठिकाणांची नावं असायची, वर एक रूळ खाली एक रूळ, हँडल फिरवलं की एका रुळावरून सुटून दुसऱ्यावर गुंडाळलं जायचं आणि काचेच्या खिडकीत हवं ते नाव आलं की थांबायचं. मागे दिवा. लहानपणी टर्मिनसला बस लागली की नावं भराभर वर सरकताना बघायला मला जाम आवडायचं, मधेच अर्धं माहीम अर्धं प्लाझा असं काहीतरी दिसायचं.

आता अवस्था सांगते. रुंदी साडेतीन फूट, लांबी मोजली नाही कारण उलगडायची भीती वाटते. जेवढं बघितलं त्यात वरळी, शिवाजी पार्क, प्लाझा, खोदादाद सर्कल, म्युझियम, हुतात्मा चौक, मंत्रालय आणि इलेक्ट्रिक हाऊस आहे. रंगाला आडव्या भेगा पडल्यात, दोन ठिकाणी कसर लागलीय, वास तर विचारू नका. आणि एक गाढवपणा माझा, "प्लाझा"वर ओलं फडकं फिरवलं तर फडकं काळं झालं! लगेच थांबले पण "झ"ची कड आता धूसर झालीय. आमच्या इथल्या एका फ्रेमवाल्याकडे नेलं तर त्याने काउंटरवर सरळ घडी घातली, कट्ट असा आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा. वर सांगतो की एवढं अख्खं कशाला, दोन चांगली नावं कापून लॅमिनेट करून देतो.

तर प्रश्न असे की घरच्या घरी हे ठेवायचं कसं, आणि भिंतीवर लावता येईल का. आणि तिसरा प्रश्न जो मला झोपू देत नाहीये तो म्हणजे "मंत्रालय"वर वेगळ्या कापडाचा तुकडा चिकटवलाय, त्याचा डावीकडचा वरचा कोपरा सुटलाय आणि खालून दुसऱ्याच कुठल्यातरी अक्षराचा गोलावा डोकावतोय. हळूच काढून बघू का? नवरा म्हणतो गरम पाण्याची वाफ दे, सुटेल.

---

खिडकीची_सीट: आई गं, काय सापडलंय तुम्हाला! फोटो टाका ना. १५ सप्टेंबर २०२३ ला ४१५ नंबरची शेवटची जुनी डबल डेकर गेली तेव्हा अंधेरीला लोक हार घालत होते, फुगे लावत होते, आणि खरी जुनी वस्तू ही अशी माळ्यावर. जपणुकीतलं मला शून्य कळतं, पण ड्रायक्लीनला दिलं तर?

धूळखाती: ड्रायक्लीन अजिबात नको!! वाफ तर त्याहून नको, नवऱ्याला इस्त्रीपासूनही लांब ठेवा. मी काही वर्षं एका संग्रहालयात कापडाच्या वस्तूंवर काम केलंय म्हणून जरा लांबण लावते.

आधी हे समजून घ्या की तुमच्या हातात कापड नाहीये, रंगवलेलं कापड आहे. कापड हवेतल्या दमटपणाने ताणतं आणि आकसतं, जुना रंग कडक झालेला असतो तो तसं करत नाही, म्हणून भेगा. ड्रायक्लीनच्या द्रावणात रंगच विरघळू शकतो आणि पाण्याने काय होतं ते तुम्ही बघितलंच. धूळ काढायची तर मऊ रुंद ब्रश घ्या, व्हॅक्यूम क्लीनर असेल तर कमी जोरावर, नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून, आणि ब्रशने धूळ त्या तोंडाकडे ढकलायची, नळी कापडाला टेकवायची नाही. जिथे पोपडे उठलेत तिथे ब्रशसुद्धा नको. मास्क लावा, नंतर हात धुवा, जुन्या रंगात शिसं असू शकतं, घासून पावडर करू नका.

घडी कधीच नाही. मोठ्या व्यासाच्या नळकांड्यावर गुंडाळायचं, चार इंच तरी व्यास हवा, जास्त असेल तर उत्तम. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे जाड पुठ्ठ्याची नळकांडी टाकाऊ पडलेली असतात, ती मागा. पुठ्ठ्यातलं आम्ल कापडात उतरतं म्हणून त्यावर आधी स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल, मग धुतलेला मांजरपाट. पीव्हीसी पाइप घेऊ नका, जुना झाला की त्यातून कापडाला वाईट अशी रसायनं सुटतात. आणि गुंडाळताना रंगवलेली बाजू बाहेर यायला हवी. आपल्याला वाटतं आत ठेवली तर सुरक्षित, पण आत ठेवली की रंग चेपला जाऊन पोपडे सुटतात, बाहेर असला की भेग जराशी उघडते आणि उलगडल्यावर मिटते. वरून परत मांजरपाट, प्लॅस्टिकची पिशवी नको. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि ६५ च्या पुढे बुरशीला रान मोकळं, प्लॅस्टिकमध्ये तो दमटपणा कोंडून बसतो. डांबराच्या गोळ्या पण नकोत, त्यांच्या वाफेने काही रंग मऊ पडतात. माळ्यावर तर परत ठेवूच नका, पंख्याखालच्या खोलीत बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा.

भिंतीवर कायमचं लावायला माझं मत नाही. कापडासाठी संग्रहालयात ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, म्हणजे आपल्या हॉलमध्ये पडदे ओढून संध्याकाळ झाल्यासारखं. तुम्हाला भिंतीवर हवंच असेल तर चांगला फोटो काढून त्याची प्रिंट लावा.

कोपरा सुटलाय त्याला फेविकॉल, सेलोटेप काही नाही. मधे टिश्यू पेपर सरकवून ठेवा फक्त. आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे एकदा विचारून बघा.

नियमबोट: एक शंका. ही बेस्ट उपक्रमाची मालमत्ता नाही का? घरात ठेवणं बरोबर की चूक याचा विचार केलाय का?

खिडकीची_सीट: नियमबोट, त्यांचे आजोबा ती सांभाळून ठेवत होते हो, भंगारवाल्याने तर जाळलीच असती.

नियमबोट: मी फक्त विचारलं. आणिकच्या आगारात बेस्टचं म्युझियम आहे, तिथे दिली तर सगळ्यांना बघायला मिळेल एवढंच म्हणणं.

माळ्यावरची (धागाकर्ती): धूळखाती ताई, काय बोलू, वाचनखूण साठवलीय. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो गप्प झालाय. नियमबोट, आणिकचा विचार डोक्यात आहे पण आजी आहे तोवर तिला विचारल्याशिवाय काही करणार नाही.

सुट्टे_द्या: ताई, मी स्वतः कंडक्टर होतो, ३१ वर्षं, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो. बोर्ड फिरवायला विसरलात तर पब्लिक काय काय बोलायची हे अण्णांना विचारायला हवं होतं, दादरला जाणारी बस आणि कपाळावर कुलाबा, माणसं चढून मग भांडणार. पावसात हँडल जाम व्हायचं आणि कापड अर्ध्यावर अडकायचं, मग खडूने पुठ्ठ्यावर लिहून काचेला लावायचा, चालायचं सगळं.

तुमच्या तुकड्याबद्दल. खाली "सचिवालय" असणार यात मला शंका नाही, १९७५ ला नाव बदलून मंत्रालय झालं. म्हणजे गुंडाळी त्याच्या आधीची, आणि हुतात्मा चौक जर मूळचाच रंगवलेला असेल, तुकडा नसेल, तर १९६० च्या नंतरची. झाली की नाही पंधरा वर्षांच्या आत पक्की? पण मला एक सांगा, तुकडा अख्ख्या नावावर आहे का अर्ध्याच? नीट बघा. पेंटर लोक महाबिलंदर, जेवढं बदललं तेवढंच बदलायचे.

माळ्यावरची: काका!!! अर्ध्यावरच आहे!! मी इतके दिवस बघतेय आणि दिसलंच नाही. तुकडा फक्त "मंत्र" एवढाच आहे, पुढचा काना आणि "लय" जुन्याच कापडावर आहेत. आता लक्षात येतंय, "मंत्र"ची अक्षरं पांढरी आहेत आणि "ालय" चहा सांडल्यासारखं पिवळट, शिरोरेघ पण जोडावर दोऱ्याएवढी खाली उतरलीय. म्हणजे त्या माणसाने सचिव तेवढा झाकला आणि मंत्र लिहिला, पुढचं आहे तसंच कामी आणलं. सकाळपासून एकटीच हसतेय.

सुट्टे_द्या: बघा! म्हटलं नव्हतं? सचिव गेला, आलय राहिलं.

खिडकीची_सीट: पण मग काढून बघा ना आता एकदा, आतलं "सचिव" दिसेल. नंतर परत चिकटवता येईल की.

धूळखाती: नाही येणार परत. खालचा रंग खळीला चिकटून वर येतो, मग ना सचिव ना मंत्र. आणि मला विचाराल तर तो तुकडा "खराबी" नाहीच, या अख्ख्या गुंडाळीतली सगळ्यात मोलाची जागा तीच आहे. "वरळी" दुसऱ्या कुठल्या गुंडाळीवरही मिळेल, हा जोड नाही मिळणार.

टेम्सकाठी: लंडनहून लिहितोय, इकडे या गुंडाळ्यांचं भारी वेड आहे, बाजारात कापून फ्रेम केलेली एकेक नावं विकायला असतात, त्यामुळे अख्खी गुंडाळी बघायला मिळाली की लोक हळहळतात की ही तरी वाचली. तुमच्या फ्रेमवाल्यासारखे लोक सगळीकडे आहेत म्हणायचे. मुद्दा हा की इथल्या जुन्या गुंडाळ्यांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात नाव असतं, कंडक्टरला आतून कळावं म्हणून. तुमच्या कापडाची मागची बाजू बघितलीत का? तुकडा पुढून चिकटवलाय ना, मग मागून तर मूळचंच कापड आहे. मागे दिवा असायचा म्हणजे अक्षरातून उजेड आरपार यायला हवा, तेव्हा बहुतेक अक्षरं रंगवलेलीच नसतील, त्यांच्या भोवतीचं काळं रंगवलेलं असेल.

माळ्यावरची: दोन दिवस उत्तर दिलं नाही त्याबद्दल सॉरी, बहीण यायची वाट बघत होते कारण एकटीने उलटवायची हिंमत नव्हती. जमिनीवर दोन स्वच्छ चादरी पसरल्या, दोघींनी दोन रूळ धरले आणि फक्त तेवढाच भाग हळूहळू उलटा केला.

टेम्सकाठी, तुमचं शंभर टक्के बरोबर. अक्षरं रंगवलेलीच नाहीत, मूळ कापड तसंच सोडलंय आणि भोवती काळा भरलाय, तो काळा मागे झिरपलाय. त्यामुळे मागून सगळं उलटं, आरशात दिसतं तसं, पण अख्खं वाचता येतं. स, चि, वा, ल, य. बहिणीने मोबाइलवर फोटो काढून फिरवला आणि स्क्रीनवर सरळ "सचिवालय" आलं. वाफ नाही की सुरी नाही, नुसतं उलटं करायचं होतं! चि ची वेलांटी तर इतकी डौलदार आहे की त्यावर तुकडा मारताना त्या पेंटरला जिवावर आलं असेल. बारीक नाव वगैरे मागे नाहीये पण प्रत्येक नावाच्या कडेला पेन्सिलने आकडा आहे, मंत्रालयाच्या बाजूला ११.

सुट्टे_द्या: अकरावं नाव असणार गुंडाळीवरचं. वरून मोजा, जुळतंय का सांगा.

माळ्यावरची: काका, मोजायला सगळं उलगडावं लागेल, ते एकदाच करणार, नळकांड्यावर चढवताना, तेव्हाच सगळ्या नावांचे पुढून मागून फोटो पण काढून घेईन आणि इथे टाकेन. वस्तुसंग्रहालयाला मेल केलाय. फ्लेक्सवाल्याकडे चार इंची नळकांडं मिळालं, फुकट, पण ते पावणेचार फूटच लांब आहे आणि कापड साडेतीन फूट. धूळखाती ताई, चालेल का दीड-दीड इंच मोकळं?

धूळखाती: नको, कमी पडेल, उचलताना बोटं कापडाच्या कडेलाच लागतील. दोन्हीकडे निदान चार इंच मोकळं हवं. त्याच्याकडेच मोठं मिळेल, सहा फुटी मागा आणि करवतीने कापून आणा. आणि ते लाकडी रूळ कापडापासून सोडवू नका, खिळे असतील तर गंजलेत का तेवढं बघून सांगा.