मदत हवी आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची पेटी सापडली, घरचे लोक शोधतोय (मूळ गाव जुनी उमरेड तहसील)

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या इतवारीतलं आमचं जुनं घर आता पाडायला निघालंय, म्हणून माळा रिकामा करणं चालू आहे. पितळी भांडी, मोडका पाळणा, आजोबांच्या वह्या असं निघता निघता एक पत्र्याची पेटी निघाली जी आमच्या घरची नाहीच. काकू म्हणते मागच्या खोलीत एम्प्रेस मिलमधले एक भाडेकरू राहायचे त्यांची असेल, मिल बंद पडायच्या आधीच ते खोली सोडून गेले, पेटी मागून नेतो म्हणाले आणि नंतर कोणी आलंच नाही.

पेटी त्या भाडेकरूच्या थोरल्या भावाची, हे आतल्या पत्रांवरून कळलं. आत काय आहे ते सांगतो. तीन मेडल, त्यातले दोन तारे (एक १९३९-४५ स्टार, एक बर्मा स्टार) आणि एक गोल वॉर मेडल, त्याच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर आणि नाव ठोकलेलं. टोपीचा एक बिल्ला, त्यावर खांबासारखं काहीतरी आणि वर इंग्रजीत महार. टवके उडालेला एनॅमलचा मग. जपान्यांनी बर्मासाठी छापलेल्या रुपयांच्या नोटा. स्टुडिओत काढलेला एक फोटो, मागे रंगवलेला पडदा आणि बाजूला कुंडी, गडी एकदम ताठ उभा.

आणि पत्रं. पाकिटावर ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस, सेन्सॉरचा शिक्का, आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता नंबर, पलटण कुठे आहे ते कळू नये म्हणून गावाचं नाव द्यायचेच नाहीत. प्रत्येक पत्राचं अक्षर वेगळं, म्हणजे ज्याला लिहिता येतं त्याच्याकडून लिहवून घेत असावेत. लढाईबद्दल एक ओळ नाही (लिहिली असती तरी सेन्सॉरनं खोडलीच असती म्हणा), सगळं मनीऑर्डर पोचली का, मिरच्या वाळल्या का, लाल्या बैल विकू नका मी येतो मग पाहू, असलंच. हे वाचल्यावर पेटी भंगारात टाकायची कोणाची हिंमत होणार सांगा.

मी काय केलं तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव शोधलं. तिथे ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत मरण पावलेल्यांची नोंद असते, हिंदू सैनिकांना दहन दिलं असेल तर रंगूनच्या वगैरे स्मारकावर नाव असतं, बऱ्याच जणांच्या पुढे बापाचं नाव आणि गावसुद्धा असतं. या नावाचं आणि नंबरचं कोणी मिळालं नाही. म्हणजे बहुतेक जिवंत परत आले, आणि मग मुलंबाळं असणार.

अडचण अशी की पाकिटावर पत्त्यात लिहिलेलं घरचं गाव आता नकाशात सापडत नाही. पत्ता आहे तहसील उमरेड, जिल्हा नागपूर, सी.पी. म्हणजे मध्यप्रांत. गाव वैनगंगेच्या बाजूचं दिसतं. पूर्ण नाव, नंबर आणि गाव इथे मुद्दाम टाकत नाही, जो खरा घरचा असेल तो स्वतः सांगेल. पुढे कसं जायचं, कोणी असं काम केलंय का?

कामठीकर: बिल्ल्यावरचा खांब म्हणजे कोरेगावचा विजयस्तंभ. महार रेजिमेंटचा जुना बिल्ला तसाच होता, नंतर खांब काढून खंजीर आला. त्यामुळे बिल्ला जुन्या काळातलाच. पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी झाली, बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या डिफेन्स ॲडव्हायझरी कमिटीवर होते आणि महारांची पलटण पाहिजे म्हणून त्यांनीच जोर लावला होता. दुसरी १९४२ मध्ये आमच्या कामठीत उभी झाली आणि तीच बर्मात गेली होती. तुमचा माणूस नागपूरकडचा आणि बर्मा स्टारवाला, तेव्हा दुसरीचा असायची शक्यता जास्त, पण नक्की रेकॉर्डवरूनच कळेल.
रेजिमेंटचं सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिस आता सागरला आहे, मध्य प्रदेशात. मेडलवरचा नंबर जसाच्या तसा उतरवून पत्र लिहा. थेट लिहिण्यापेक्षा नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून गेलं तर बरं पडतं. आणि कृपा करून मेडल ब्रासोनं घासू नका, कडेवरची अक्षरं झिजतात मग काहीच हाती राहत नाही.

पवनीवाला: भाऊ, गाव नकाशात नाही म्हणता अन् वैनगंगेच्या बाजूचं म्हणता, तर गोसेखुर्द धरणात बुडालं असन. कुही अन् भिवापूरची कितीतरी गावं गेली त्याच्यात, आमच्या पवनीकडची बी गेली. पहिले हा कुही भिवापूरचा पट्टा उमरेड तहसीलीतच होता, म्हणून आता उमरेडमधी शोधून काही भेटणार नाही. जुन्या गावाच्या नावापुढे "पुनर्वसन" लावून पाहा, नवीन गावठाणाले तेच नाव असते. तिथल्या पोलीस पाटलाले भेटा, म्हाताऱ्या लोकायले सगळं ठाऊक असते कोण कुठं गेलं. अन् भूसंपादनाच्या यादीत खातेदाराचं नाव असते, खातेदार मेला असन तर वारसायचे. पैसा वाटायचा होता न, म्हणून त्या याद्या बराबर ठेवल्या आहेत.

नाणेप्रेमी: बर्मा स्टार आणि जपानी नोटा विकणार असाल तर इनबॉक्स करा, चांगला भाव देईन.

धागाकर्ता: नाही विकायचं दादा. वर काय लिहिलंय ते तरी वाचत जा.

सीताबर्डीची लेक: अजून एक मार्ग आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा अनुदान देतं, ते सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच जातं. आजी हयात होत्या तोवर घेत असतील तर तिथे फाइल असणार आणि फाइलमध्ये नंतरचा पत्ता. माझ्या माहेरी शेजारच्या आजींचं काम तिथूनच झालं होतं, वेळ लागला पण झालं.
आडनावाचंही लक्षात ठेवा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर काही घरांनी आडनावं बदलली, पोरांच्या शाळेच्या दाखल्यावर वेगळंच लागलेलं असतं. जुनं आडनाव धरून फेसबुकवर शोधत बसलात तर नातवंडं समोर असून दिसायची नाहीत. त्यापेक्षा गावातल्या बुद्धविहारात फोटो दाखवा.

कामठीकर: हे बरोबर आहे. पण फोटोची कॉपी न्या, मूळ फोटो घरीच ठेवा.

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. पवनीवाले भाऊ, तुम्ही म्हणता तसं "पुनर्वसन" लावून पाहिलं आणि गाव सापडलं राव, कुही तालुक्यातच आहे! सैनिक कल्याणला अर्ज लिहून ठेवलाय, मेडलच्या कडेचा क्लोजअप फोटो जोडलाय, सोमवारी देतो. गावाला मात्र मीच जाणार, कागद सरकतील तेव्हा सरकतील.
दोन लोकांचे इनबॉक्समध्ये "ते आमचेच आजोबा" म्हणून मेसेज आलेत, त्यांना मी एकच विचारलं की आजोबांचा धाकटा भाऊ मिलमध्ये कोणत्या खात्यात होता. उत्तर पत्रातच आहे. दोघांकडून अजून काही आलं नाही. घरच्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर बैलाचं नाव वर मी उगाच लिहून बसलो तेवढं सोडून बाकी काहीही सांगा, चालेल.
कुहीकडचा रस्ता मला नवीन आहे, येत्या रविवारी कोणी तिकडे जाणार असेल तर कळवा. गाडी माझी, पेट्रोल माझं, गावात ओळख तेवढी तुमची.