ट्रेंट विल्यम्स परतला आणि नायनर्स पुन्हा जिंकायला लागले: श्रेय त्याचं की योगायोग?

लेव्हाइजचा_वारकरी, ४ डिसेंबर २०२३

काल आपल्या नायनर्सनी (सॅन फ्रान्सिस्को, अमेरिकन फुटबॉलची एनएफएल लीग) फिलाडेल्फियाच्या ईगल्सना त्यांच्याच घरात ४२-१९ असं धुतलं, दहा जिंकून एकच हरलेली टीम होती ती, आणि आज जिकडे बघावं तिकडे क्वार्टरबॅक (पास फेकणारा) पर्डी, रिसीव्हर डीबो, रनिंग बॅक मॅकॅफ्री, बस्स एवढंच. म्हणून हा धागा. माझं म्हणणं सरळ आहे, सीझनच्या मध्यात जे काही बदललं त्याचं सगळ्यात मोठं कारण ७१ नंबर, ट्रेंट विल्यम्स, वय ३५, लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची डावी बाजू सांभाळणारा लाइनमन.

पहिल्या पाच मॅचचे पॉइंट बघा, ३०, ३०, ३०, ३५, ४२. पाचही जिंकल्या. मग १५ ऑक्टोबरला क्लीव्हलँडमध्ये ट्रेंटचा घोटा दुखावला, त्याच मॅचमध्ये परत उतरला खरा पण पुढच्या दोन मॅच बाहेर. त्या तीन मॅचचे पॉइंट १७, १७ आणि १७. तिन्ही हरलो. मग बाय वीक (मॅच नसलेला आठवडा), आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, जॅक्सनव्हिलला साहेब परत मैदानात, निकाल ३४-३. समोरची टीम सलग पाच जिंकून आलेली होती. त्यानंतर २७, ३१ आणि काल ४२. बकनीयर्सच्या मॅचला तर पर्डीचं पासर रेटिंग १५८.३, म्हणजे त्याच्या वर आकडाच नाही. पोराला बॉल हातात घेऊन निवांत बघायला वेळ कोण देतंय हे कोणी विचारत नाही.

लाइनमनचं दुखणं हेच आहे, की त्याच्या नावावर काही लागतच नाही. टचडाउन नाही, यार्ड नाहीत, कोणामुळे किती सॅक गेले (क्वार्टरबॅक बॉलसकट पाडला गेला) याचा लीग अधिकृत हिशोबसुद्धा ठेवत नाही. चूक केली तरच टीव्हीवर दिसतो बिचारा.

नागपुरी_संत्रं

पूर्ण असहमत. आकडे बरोबर आहेत भाऊ, पण त्यातून काढलेला अर्थ सोयीचा आहे. त्याच क्लीव्हलँडच्या मॅचला अजून कोण जखमी झालं? डीबो सॅम्युएल, खांदा. तोही पुढच्या दोन मॅच बाहेर आणि तोही जॅक्सनव्हिललाच परत. म्हणजे दोघं एकाच दिवशी गेले आणि एकाच दिवशी आले, मग तू सगळं बिल ट्रेंटच्या नावावर कसं काय फाडतो? काल तीन टचडाउन कोणी मारले, डीबोनेच ना?

आणि त्या तीन हारी नीट आठव. क्लीव्हलँडला १९-१७, शेवटी आपल्या किकर मूडीने ४१ यार्डाची किक घालवली. ती बसली असती तर ६-० असते आणि हा धागाच नसता. मिनेसोटाला हाफटाइमच्या आधी १६ सेकंद राहिलेले असताना आपल्या डिफेन्स कोच विल्क्सने सगळे ब्लिट्झला (थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर) सोडले आणि त्यांच्या ॲडिसनने आपल्या वॉर्डच्या हातातला बॉल ओढून ६० यार्डांचा टचडाउन केला. बेंगॉल्सच्या मॅचला त्यांच्या क्वार्टरबॅक बरोने ३२ पैकी २८ पास पूर्ण केले, ३१ पॉइंट खाल्ले आपण. यात लेफ्ट टॅकल कुठे येतो? बाय वीकनंतर विल्क्स वरची केबिन सोडून खाली साइडलाइनला आला, चेस यंगला वॉशिंग्टनकडून आणलं, डिफेन्स सुधारला. जॅक्सनव्हिलला समोरच्याला तीन पॉइंट दिले फक्त. ते तीन ट्रेंटने अडवले का?

लेव्हाइजचा_वारकरी

डिफेन्स सुधारला हे मान्यच आहे, पण मी ऑफेन्सचं बोलतोय. तीसच्या वर करणारी टीम तीन मॅच १७ वर अडकते ती डिफेन्समुळे नाही ना अडकत. आणि क्लीव्हलँडची किक बसली असती तरी पॉइंट २० झाले असते, ३० नाही.

सनीवेलची_सुप्रिया

दोघंही स्कोअरबोर्ड बघून भांडताय. जरा लाइनकडे बघून बोला की.

डीबो का ट्रेंट हा प्रश्नच मला पटत नाही, कारण एक आला की दुसऱ्याला फायदा होतो. लेफ्ट टॅकल कच्चा असला की कोचला त्याला मदत पाठवावी लागते, म्हणजे टाइट एंड (ब्लॉकही करणारा, पासही घेणारा) शेजारी थांबतो, किंवा रनिंग बॅक बाहेर पळायच्या आधी त्या एज रशरला (कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला) एक धक्का देऊन जातो. आता आपल्याकडे टाइट एंड कोण आहे तर किटल आणि रनिंग बॅक कोण तर मॅकॅफ्री. या दोघांना तिथे हमाली करायला लावलं की राहिलं काय? ट्रेंट असला की हेड कोच शॅनाहन ती बाजू त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडतो आणि पाचही जण पास घ्यायला पळतात. जॅक्सनव्हिलला किटलने ६६ यार्डांचा टचडाउन केला, तो काही ब्लॉक करत उभा राहून झालेला नाही.

दुसरं म्हणजे घोटा. लोकांना वाटतं जाडजूड माणूस, नुसता उभा राहून ढकलतो, घोट्याचं काय एवढं? अहो सगळं घोट्यावरच असतं. स्नॅप झाला (बॉल मागे दिला) की टॅकल मागे तिरका सरकतो, एका पायाने जमीन रेटायची आणि दुसऱ्याने जागा घ्यायची, आणि समोरचा १२० किलोचा माणूस धावत येऊन छातीवर आदळला की पाय रोवून थांबायचं. घोटा धरत नसेल तर तिथेच तो मागे रेटला जातो आणि पर्डीच्या मांडीवर जाऊन बसतो. रनमध्ये तर अजून वाईट, कारण शॅनाहनचं सगळं खेळणं आउटसाइड झोनवर, लाइनने आडवं पळत पळत ब्लॉक करायचं. १४५ किलोचा माणूस आडवा पळून लाइनबॅकरला गाठतो हे मी ट्रेंटशिवाय दुसऱ्या कोणात एवढ्या सहज बघितलेलं नाही. म्हणून मला तो परत आला यापेक्षा तसाच परत आला याचं जास्त कौतुक आहे. पस्तिशीला घोट्याच्या दुखण्यानंतर बरेच जण नुसते हजेरी लावायला येतात.

बाणेरचा_रात्रपाळीवाला

इथे भारतात जॅक्सनव्हिलची मॅच रात्री साडेअकराला सुरू झाली, लक्ष्मीपूजन आटोपून, दुपारपासून भारत-नेदरलँड्स बघून, मग ही. घरच्यांनी वेड्यात काढलं ते सोडा.

पण मला एक सांगा, घोट्याचंच बोलताय तर त्याच आठवड्यात, १९ ऑक्टोबरला, आमच्या गहुंज्याला हार्दिकचा घोटा गेला. तेव्हाही हेच रडगाणं होतं, बॅलन्स गेला, आता काय होणार. काय झालं? शमी आला आणि २४ विकेट काढून वर्ल्ड कपचा टॉप बोलर झाला. एक माणूस गेला म्हणून टीम बसत नाही, बसली तर दोष बेंचचा आणि मॅनेजमेंटचा. नायनर्सनी ३५ वर्षांच्या टॅकलच्या मागे धड बॅकअप ठेवला नाही हा मुद्दा आहे खरा, ट्रेंटची आरती ओवाळायचं काय कारण?

सनीवेलची_सुप्रिया

शमी बेंचवर बसवलेला होता हीच मुळात चूक होती, बेंचवर शमी असणं नेहमीचं नसतं 😄 ट्रेंटचा बॅकअप जेलन मूर बरा पोरगा आहे, पण बरा म्हणजे बराच. चांगला लेफ्ट टॅकल ३२ टीमना पुरत नाही, बॅकअप म्हणून कोण बसेल तसला? जो बसेल त्याला उद्याच दुसरी टीम उचलून स्टार्टर करेल.

नागपुरी_संत्रं

फायनलची आठवण काढू नका बे कोणी, अजून जखम ओली आहे.

जर्सी_सिटीचा_गरुड

ईगल्सवाला आहे, शिव्या घालायला आलोय असं समजू नका. काल पहिल्या क्वार्टरमध्ये तुमचे एकूण यार्ड किती होते सांगू? उणे सहा. ट्रेंट होता ना मैदानात? घोटा ठीक होता ना? मग? पुढे सलग सहा वेळा बॉल मिळाला आणि सहाही वेळा टचडाउन झाले, ते आमच्या लाइनबॅकरना पळता येत नाही आणि टॅकल करता येत नाही म्हणून. डीबोला हात लावत होते आमचे लोक, पकडत नव्हते. हे श्रेय लाइनचं नाही, हा आमचा नालायकपणा आहे आणि तो आमच्याच नावावर राहू द्या, कृपया.

पण टॅकलच्या महत्त्वाबद्दल मात्र मी धागाकर्त्याच्या बाजूने, नाइलाजाने. २०१६ ला आमचा टॅकल लेन जॉन्सन दहा मॅच सस्पेंड होता. तो होता त्या सहा मॅचमध्ये आम्ही ५-१, नव्हता त्या दहामध्ये २-८. तोच क्वार्टरबॅक, तोच कोच. सस्पेंशन असल्यामुळे दुसरं कोणी त्याच्याबरोबर गेलं आणि बरोबरच आलं असाही प्रकार नाही.

नागपुरी_संत्रं

तुमचा क्वार्टरबॅक वेंट्झ तेव्हा रूकी (पहिल्याच वर्षाचा) होता. रूकीचे चार मॅच चांगले जातात, मग लीगकडे टेप येते आणि पोरगं गडबडतं, लेन जॉन्सन असता तरी गडबडलं असतं. ५-१ मधल्या शेवटच्या दोन मॅच तर सीझन संपता संपताच्या, काउबॉइजचं तेव्हा सगळं ठरलेलं होतं आणि त्यांनी अर्धी टीम बसवली होती. असले आकडे दाखवून काहीही सिद्ध होतं.

जर्सी_सिटीचा_गरुड

काउबॉइजचं बरोबर आहे, ती मॅच काढून टाक. ४-१ आणि २-८. बरं वाटलं का?

लेव्हाइजचा_वारकरी

@गरुड उणे सहाबद्दल: हो, पहिले दोन ड्राइव्ह भिकार होते, त्यात वाद नाही. पण एक सांगा, आधीच्या त्या तीन मॅचमध्ये अशी सुरुवात झाली असती तर पुढे सहा टचडाउन आले असते का? लाइन टिकत असेल तर कोच घाबरून प्लॅन बदलत नाही, तेच परत परत करत राहतो आणि समोरचा कधीतरी थकतो.

@रात्रपाळीवाला आरती ओवाळतोय असं वाटत असेल तर वाटू दे. २०१९ चा अख्खा सीझन हा माणूस खेळला नाही, डोक्यावरची कॅन्सरची गाठ काढलेली. २०२० मध्ये नायनर्सनी त्याला एक तिसऱ्या आणि एक पाचव्या राउंडचा ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायचा हक्क) देऊन आणला, म्हणजे लीगच्या भावात चिल्लर. बत्तिशीत कोण एवढा मोठा डाव लावतो म्हणून तेव्हाही लोक हसले, मग २०२१ ला १३८ मिलियनचा करार झाला तेव्हा परत हसले. तो २०२१ आणि २०२२ दोन्ही वर्षं ऑल-प्रोच्या (लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या टीममध्ये, यंदाही होईल. एवढं असून सीझनच्या हायलाइट्समध्ये त्याचा एक क्लिप नाही म्हणून धागा काढला, तर तुम्ही मलाच कोर्टात उभं केलं.

कोल्हापूरचा_पैलवान

फुटबॉल मला अर्धंच कळतं पण सुप्रियाताईंनी पाय रोवायचं जे लिहिलंय ते आमच्या तालमीत कोणालाही पटंल. बाकी चालू द्या तुमचं.

नागपुरी_संत्रं

सुप्रियाताईंचा मुद्दा मी खोडत नाही, किटल-मॅकॅफ्री मोकळे होतात ते खरं आहे. माझं भांडण एवढंच की ‘सगळ्यात मोठं कारण’ कसं ठरवलं? सगळे एकत्रच परत आले तर वेगळं काढताच येत नाही, ना तुला ना मला. ट्रेंट नसताना डीबो असला असता तर काय झालं असतं हे आपण बघितलंच नाही. म्हणून मी म्हणतो बाय वीक आणि सगळ्यांची तब्येत, संपलं. बोअरिंग उत्तर आहे पण बोअरिंगच असतं बहुतेक वेळा.

लेव्हाइजचा_वारकरी

हे तुझं आत्तापर्यंतचं सगळ्यात बरं वाक्य आहे आणि तरी मी ऐकणार नाही.

बाणेरचा_रात्रपाळीवाला, १२ फेब्रुवारी २०२४

धागा वर काढतोय, सॉरी. पहाटे पाचला उठून सुपर बोल बघितली, लीगची फायनल, चीफ्सकडून २५-२२ हरलो, ओव्हरटाइम, ऑफिसला दांडी. ट्रेंट होता, डीबो होता, सगळे होते. मग?

सनीवेलची_सुप्रिया

मग लाइनमध्ये पाच जण असतात. ओव्हरटाइमला टचडाउनपासून नऊ यार्डांवर, थर्ड अँड फोर (तिसरा प्रयत्न, चार यार्ड हवे), गार्ड फेलिसियानो आधीच जखमी होऊन बाहेर गेलेला, त्याच्या जागी बर्फर्ड राइट गार्डला, आणि त्यांच्या क्रिस जोन्सला कोणी हातच लावला नाही, तो सरळ पर्डीच्या अंगावर. पर्डीने घाईत पास फेकला, बॉल खाली पडला, आपण तीन पॉइंट घेऊन परत. डावीकडे ट्रेंट काय करणार त्याला?

नागपुरी_संत्रं

म्हणजे एका लाइनमनने काय होतं ते कळलं ना? 😏

सनीवेलची_सुप्रिया

हो, एक चुकला की काय होतं ते कळलं. तुम्ही डिसेंबरपासून नेमकं तेच नाकारत होता.

नागपुरी_संत्रं

...बरं. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या राउंडला लाइनमन घ्या मग, उजव्या बाजूला.

लेव्हाइजचा_वारकरी

शॅनाहन? पहिल्या राउंडला? विसर. रिसीव्हर घेईल बघ.