मदत हवी आहे: एचपीव्ही विषाणूमुळे झालेला घशाचा कॅन्सर फुफ्फुसात पसरलाय, कमी डोसच्या निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाबद्दल

नमस्कार, आम्ही नागपूरचे. मोठ्या मामांना (वय ६१) टॉन्सिलचा कॅन्सर, पी१६ ही तपासणी पॉझिटिव्ह म्हणजे एचपीव्हीवाला, खर्रा-सिगरेट कधीच नाही. रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिनची केमो पूर्ण झाली, घसा पेट स्कॅनमध्ये क्लीन आहे पण आता वर्षभराने दोन्ही फुफ्फुसांत छोट्या गाठी निघाल्या, एकीची बायोप्सी केली तर तोच कॅन्सर. पीडी-एल१ चा सीपीएस (इम्युनोथेरपी किती लागू पडेल याचा अंदाज देणारा बायोप्सीतला स्कोअर) २५.

डॉक्टर म्हणतात सीपीएस चांगला आहे, केमो नको, एकटं पेम्ब्रोलिझुमॅब (हेही इम्युनोथेरपीचंच औषध) दर तीन आठवड्यांनी २०० एमजी देऊ. आम्हालाही तेच पटतं हो, पण तेवढा खर्च झेपणारच नाही, इन्शुरन्सची लिमिट आधीच संपली.

मग टाटा मेमोरियलचा २०२२ चा अभ्यास वाचला, निवोलुमॅब फक्त २० एमजी दर तीन आठवड्यांनी आणि मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिबच्या गोळ्या, नुसत्या गोळ्यांच्या तुलनेत वर्षभर जगणारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. पण त्यात बहुतेक पेशंट तोंडाच्या कॅन्सरचे होते, मामांचा आजार वेगळा. शिवाय सिस्प्लॅटिननंतर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढून १.७ वर अडकलंय त्यामुळे मेथोट्रेक्सेटची भीती वाटते. बाकी तब्येत ठीक, स्वतः चालतात, पातळ वरण-भात खातात.

काढे, जडीबुटी कृपया सुचवू नका. मुंबईला एकदा जाऊन येऊ शकतो, दर वेळी नाही.

तर एचपीव्हीवाल्या पेशंटला मेथोट्रेक्सेट वगळून कमी डोसचं निवोलुमॅब कोणाच्या घरी दिलंय का, आणि नागपुरात, जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटला किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला, ते सुरू करून मिळतं का?