लिसनिंगमध्ये नाव स्पेल करतात तिथेच मार्क जातात, ए आणि आय कसं ओळखायचं?

ऐरोली_नाइटड्युटी
नमस्कार, मी ऐरोलीला राहते, ठाण्यात एका हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे आणि यूकेसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला रायटिंगला ६.५ आणि बाकी तिन्हीला ७ लागतात, लिसनिंगला ७ म्हणजे ४० पैकी साधारण ३० बरोबर यायला हवेत, आणि माझं प्रॅक्टिसमध्ये २७-२८ वरच अडकलंय. वाईट याचं वाटतं की चुका नुसत्या पार्ट ४ च्या लेक्चरमध्ये नाहीत, पार्ट १ मध्येही आहेत, जो सगळे सोपा म्हणतात. फोनवर कोणीतरी बुकिंग करत असतं, नाव, पत्ता, पोस्टकोड, आणि अक्षरं भराभर सांगून मोकळे होतात, परत काही लावत नाहीत. काल ब्रेथवेट आडनाव आलं. बी, आर, ए, आय, टी, एच, डब्ल्यू, ए, आय, टी, ई. मी दोन्ही ठिकाणी ए च्या जागी आय लिहिला, म्हणजे आय आय, आणि हे असं कसं नाव म्हणून विचार करेपर्यंत डब्ल्यू निघून गेला होता. क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले ऐकत राहा, कान तयार होतो. तीन महिने ऐकतेय. कोणी नेमकं सांगेल का?

नौपाडा_इंग्रजी
अगं, तुला ऐकू नीटच आलंय. आवाज ऑस्ट्रेलियन होता का बघ. त्यांचा ए आपल्या कानाला जवळजवळ आय लागतो आणि त्यांचा आय ऑय कडे झुकतो. म्हणजे तू ऐकलंस आय, ऑय, आणि लिहिलंस आय आय. अशा रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या एक-दोन वाक्यांतच टुडे, नेम असे शब्द येतात, ते टुडाय, नाइमसारखे वाटले की लगेच मनात ठरवायचं, आज आय सारखं वाटलं तर ए.

दुसरी गोष्ट बी आणि पी, ही क्लासमध्ये सहसा सांगत नाहीत पण मराठी माणसाला हमखास नडते. तोंडासमोर तळहात धर आणि पाणी म्हण, हवा लागत नाही. फणस म्हण (ओठ मिटून, आपला जुना फ), हवेचा झोत लागतो. इंग्रज माणूस पी म्हणतो तेव्हा असा झोत असतो, आणि बी म्हणताना त्याचा घसा आपल्या ब पेक्षा उशिरा घुमायला लागतो, त्यामुळे त्याचा बी आपल्याला पी वाटू शकतो. तेव्हा झोत ऐकायचा, झोत असेल तर पी, नसेल तर बी. टी आणि डी चंही तेच.

बाकी बी सी डी ई जी पी टी व्ही सगळे ई वर संपतात, ए जे के एका यमकातले, आणि एम-एन, एफ-एस या जोड्या. चुका होतात त्या या घरातल्या घरात, डब्ल्यू कोणी चुकत नाही. ब्रिटिश आर नुसता आ ऐकू येतो, एच ला काही जण हेच म्हणतात, आणि अमेरिकन माणूस झेड ला झी म्हणतो जो सी मध्ये मिसळतो. तुझ्या जुन्या पेपरमधल्या चुका काढून बघ कुठल्या घरातल्या आहेत, दोन-तीनच निघतील.

माइंडस्पेस_नाइटशिफ्ट
मी सहा वर्षं कॉल सेंटरमध्ये यूके प्रोसेसला आहे, ऐरोलीतच. आमच्याकडे ए, बी, सी साठी अल्फा ब्राव्हो चार्ली असे शब्द असतात कारण नुसती अक्षरं फोनवर कळत नाहीत हे त्यांनाही माहितीये, ती यादी १९५६ पासून चालू आहे. परीक्षेत तो आधार मिळेल असं धरू नका. पण एक सवय कामाची आहे ताई, अक्षर आलं की हाताने लिहून टाकायचं, नाव तयार करायला जायचं नाही. तुम्ही हे असं कसं नाव म्हणालात ना, तिथेच गेलं. मी नवीन पोरांना सांगतो की गाडीचा चेसिस नंबर लिहितोय असं समजा, त्याला अर्थ नसतो. आणि एक अक्षर सुटलं तर डॅश मारून पुढे जा, मागे वळलात की पुढची तीन जातात.

डबल टी म्हटलं की टी टी, आपण नंबर सांगताना म्हणतोच तसं, फक्त डबल ऐकून हात थांबतो, तो थांबू द्यायचा नाही. नंबरमध्ये ओ म्हणाले की शून्य.

खारघर_सेक्टर१२
मला मागच्या वर्षी लिसनिंगला ८ आले. मी ठाण्याला बसने जायचो, ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाड्यांच्या नंबरप्लेट इंग्रजीत मोबाइलवर रेकॉर्ड करायचो, एमएच ०४, एमएच ४३, पुढची अक्षरं, आकडे, सगळं न थांबता, आणि रात्री ऐकून लिहायचो. अक्षर आणि आकडा एकत्र आला की गडबड होते आणि ब्रिटिश पोस्टकोड तसाच असतो. पण आपला आवाज आपल्याला कळतोच, म्हणून आठवड्यानंतर यूट्यूबवर ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन लोकांचे स्पेलिंगचे व्हिडिओ घेतले.

आणि बोलणारा मध्येच म्हणतो सॉरी, पी नाही, टी. त्यामुळे अक्षर लिहिलं तरी कान बंद करू नका. सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं तरी चालतं. वेनस्डे, अकॉमोडेशनसारखे शब्द मात्र कोणी स्पेल करून देत नाही, ते पाठच हवेत.

ऐरोली_नाइटड्युटी
सगळ्यांचे खूप आभार. नौपाड्याच्या ताई, तळहात धरून करून बघितलं, पाणी आणि फणस, खरंच फरक कळतो! जुने नऊ पेपर काढले, पार्ट १ मध्ये स्पेलिंगच्या अकरा चुका निघाल्या, त्यातल्या सहा ए-आय आणि तीन बी-पी, उरलेल्या दोन डबलच्या. एम-एन ची एकही नाही, आणि मी रोज एम-एन चीच प्रॅक्टिस करत होते. दादा, चेसिस नंबरवाली गोष्ट आज वॉर्डात वापरली, औषधाचं नवीन नाव फोनवर सांगत होते ते अक्षर अक्षर लिहिलं आणि मग वाचलं, एकदाच विचारावं लागलं. रविवारी सुट्टी आहे, कोणाला फोनवर एकमेकांना नावं स्पेल करायची असतील तर इथे लिहा, संध्याकाळी ६ नंतर मी मोकळी आहे.