पाळणाघराची पावती

बी-२०३ : ऑफिसने पाळणाघराची पावती परत केली. करसवलतीत बसत नाही म्हणे. शाळेची फी बसते, मग हे का नाही? काका, सांगा जरा.

ए-१०१ : वहिनी, ८०सीत, म्हणजे कर वाचवायच्या कलमात, फक्त ट्यूशन फी. दोन मुलांपर्यंत. विमा, पीएफ धरून एकूण दीड लाख. नर्सरी, प्लेस्कूल चालतं, पाळणाघर नाही. आणि तेही जुन्या करपद्धतीतच.

सी-३०४ : आज मोटर कोणी लावली? तिसऱ्या मजल्यावर थेंब नाही.

सचिव : पाण्याचं पाण्याच्या ग्रुपवर टाका, विनंती.

सी-३०४ : तिथे तुम्ही तरी वाचता का साहेब?

डी-२०२ : वहिनी, नवी पद्धत घ्या ना. १२ लाखांपर्यंत कर नाही, पगारदाराला ७५ हजारांची वजावट वेगळी.

बी-२०३ : भाऊ, तो फायदा ज्यांना मूल नाही त्यांनाही तेवढाच. पोराला कुठे ठेवलं नाही तर मी कामावर जाऊच शकत नाही. मग हा नोकरीचाच खर्च ना?

बी-४०१ काकू : आमच्या वेळी घरात आजी असायची.

बी-२०३ : काकू, सासूबाई रावेरला आहेत. केळीचा बाग टाकून इथे बसतील का?

सी-१०२ : आम्हाला रेल्वेत मुलामागे महिन्याला २८१२ रुपये ५० पैसे मिळतात.

बी-२०३ : तो शिक्षण भत्ता, दादा. शाळेत गेल्यावरचा. माझं पोरगं दीड वर्षाचं.

डी-४०३ : बहीण इंग्लंडला आहे. तिथे आईबापांनी पाळणाघरासाठीच्या सरकारी खात्यात ८ पौंड टाकले की सरकार २ टाकतं. मुलामागे वर्षाला २००० पौंडांपर्यंत. दोघंही कमावते लागतात.

डी-२०२ : मग जा इंग्लंडला 😄

डी-४०३ : असं नका बोलू भो. विचारलं म्हणून सांगितलं.

ए-१०१ : पुन्हा सांगतो, ८०सीत फक्त ट्यूशन फी.

ए-३०२ : वहिनी, ऑफिसात ५० माणसं आहेत का? मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय द्यावीच लागते. आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाता येतं.

बी-२०३ : आम्ही ११ जण.

सी-१०२ : रविवारी भरीताला कोण कोण? बामणोदची वांगी सांगायची आहेत.

बी-४०१ काकू : आमचे दोघं. कळण्याच्या भाकरी मी करते.

ए-१०१ : पुन्हा सांगतो वहिनी, पोरगं नर्सरीत गेलं की त्या फीची वेगळी पावती घ्या. ती चालेल.

बी-२०३ : आणि शाळा सुटल्यापासून मी घरी येईपर्यंतचे पैसे?

ए-१०१ : ते नाही वहिनी. ते कुठेच दाखवता येत नाहीत.