आईचं कौतुक करता येतं का?

आईनं काढलेली चित्रं पहिल्यांदाच चार माणसांसमोर मांडायचं घरात ठरलंय. आई सत्तरीला टेकलीये, रंग हातात घेतले ते निवृत्तीनंतर. मोठं काही नाही, नात्यातली आणि ओळखीतली माणसं, एक दुपार. निमंत्रणाचा मजकूर माझ्या गळ्यात पडला. मी लिहिलं, 'आईच्या कलेचं कौतुक करायला जरूर या.' घरच्या ग्रुपवर टाकल्यावर पाच मिनिटांत मोठ्या आत्याचा फोन. "कौतुक पोराटोरांचं करतात गं. वहिनीचं कसलं कौतुक करायला बोलावतेस? बालवाडीत आहे का ती?"

मी 'कौतुक' खोडून 'गौरव' घातला, तर एखाद्या संस्थेच्या अध्यक्षांचा कार्यक्रम वाटायला लागला. 'सत्कार' म्हटलं की भाषणं आली. 'प्रशंसा' बोलताना कुणाच्या तोंडी मी ऐकलेलीच नाही. 'अभिनंदन' करायला तिनं बक्षीस कुठं मिळवलंय? आता कागदावर 'आईच्या कलेचं' एवढंच शिल्लक आहे. पुढे काय घालू? आणि मुळात आत्याचं बरोबर आहे का? ज्याला जे सुचेल त्यानं ते खाली लिहा.

•••

आत्याबाईंचं अर्धं बरोबर आहे. 'कौतुक करणे' आणि 'कौतुक वाटणे' यांत फरक आहे. करणं हे वरून खाली वाहतं किंवा फार तर सपाटीवर. आजोबा नातवाचं कौतुक करतात, मैत्रीण मैत्रिणीचं करते. पण 'मी आज आमच्या गुरुजींचं कौतुक केलं' असं कुणी म्हणालं, तर ऐकणारा दचकेल. तेच 'या वयात गुरुजी रोज दोन तास रियाज करतात, मला फार कौतुक वाटतं' हे कुणालाही खटकणार नाही. करण्यात पाठीवर हात ठेवणं आलं, आणि मोठ्यांच्या पाठीवर आपला हात जात नाही. वाटायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

'कौतुक असणे' म्हणजे आणखी वेगळंच. 'त्याला त्या पेटीचं काही कौतुक नाही' म्हणजे त्याला तिची किंमत नाही.

•••

मुळात कौतुकात शाबासकी नव्हतीच, नवल होतं. संस्कृतात कौतुक म्हणजे उत्सुकता, कुतूहल, पाहावंसं वाटावं असं काही. (लग्नात मनगटाला बांधायच्या मंगल दोऱ्यालाही संस्कृतात कौतुकच म्हणतात, पण ती वाट इथं नको.) हिंदीत हा शब्द आजही नवल, तमाशा याच अंगानं राहिला. त्यात माया मिसळली ती मराठीनं.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली ओवी सगळ्यांना पाठ असते: 'माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजा जिंके'. शाळेत असताना मला वाटायचं, माउली मराठीचं कौतुक करताहेत. पण त्या 'कौतुकें'चा अर्थ सहज, लीलेनं, खेळता खेळता असा लावतात. म्हणजे सातशेहून जास्त वर्षांपूर्वी हा शब्द करणाऱ्याच्या बाजूला होता, तो ज्या सहजतेनं करतो तिच्याकडे. आज तो पाहणाऱ्याकडे आलाय.

नवलाचा अर्थ अजून पुरता गेलेला नाही. 'कौतुकानं बघत बसलो' म्हणतो तेव्हा आपण गुण देत नसतो, डोळे मोठे करून बघत असतो. या अर्थानं आईचं कौतुक करायला काय हरकत आहे?

•••

आमच्या घरात या सगळ्या शब्दांची जागा एकाच शब्दानं भरलेली होती: 'बरंय.' मी मूर्ती घडवली, वडील म्हणाले 'बरंय.' राज्यपातळीवर बक्षीस मिळालं, 'बरंय.' 'बरंय की' म्हणाले, तर तो दिवस मी लक्षात ठेवायचो. त्या 'की'साठी मी बरंच काही केलंय.

•••

'बरंय'वाल्यांना साष्टांग नमस्कार. आपल्याकडे घरच्या माणसासाठी वापरायचे मोठमोठे शब्द बहुतेक सगळे उलटे करून ठेवलेत, हे कुणाच्या लक्षात आलंय का? 'पराक्रम' हा काय शब्द आहे! पण घरात कानावर येतो तो 'आज काय पराक्रम केलात?' असाच. 'प्रताप' सूर्याचा, राजाचा. घरात 'बघा तुमच्या चिरंजीवांचे प्रताप'. 'दिवे लावलेस', 'गुण उधळलेस', 'उजेड पाडलास' – एकेक शब्द सुटा काढून बघा, काय झळाळी आहे! दिवे, गुण, उजेड. वाक्यात गेले की काळे पडतात. खुद्द कौतुकही सुटलेलं नाही, 'पुरे झाली कौतुकं.'

त्यातला माझा सगळ्यात आवडता 'घरचा आहेर'. आपल्याच माणसानं चारचौघांत केलेल्या टीकेला आपण आहेर म्हणतो. घरच्यांनी चारचौघांत दिलेल्या शाबासकीसाठी असा खास शब्दप्रयोग आहे का? मला तरी सापडला नाही.

आणि खरंच कुणी तोंडभरून बोललंच, तर लगेच 'हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका'. हरभऱ्याचं झाड ते केवढं, गुडघ्याएवढं! त्यावर चढलेला माणूस पडणार हे ठरलेलंच.

•••

आहे की, 'नाव काढलंस'. हल्ली सगळे 'मला तुझा अभिमान आहे' म्हणतात. व्याकरणात चूक काही नाही, पण मला ते दुसऱ्या भाषेतून उचलून आणल्यासारखं वाटतं. आपल्या संतांच्या लेखी अभिमान ही टाकायची गोष्ट. देशाचा, भाषेचा अभिमान हे पुढं रुळलं. पण समोर बसलेल्या बहिणीला 'मला तुझा अभिमान आहे' म्हणायचं, तर माझी जीभ अडखळते. त्या वाक्यात पहिला येतो तो 'मला'. 'नाव काढलंस'मध्ये सगळं तिच्याकडे जातं.

परक्या माणसाला हे समजावून बघा म्हणजे गंमत कळेल. 'नाव काढलं' म्हणजे कीर्ती मिळवली, 'नाव काढू नकोस' म्हणजे विषय नको, 'नाव ठेवलं' म्हणजे बारसं झालं आणि 'नावं ठेवली' म्हणजे दोष काढले. आमच्या नात्यात एका मुलीनं नाटकात जायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली. दहा वर्षांनी तीच माणसं म्हणाली, 'पोरीनं नाव काढलं.' शब्द तोच, नुसती क्रियापदं बदलली.

•••

'दाद' अजून कुणी कशी काढली नाही? दाद फारसीतून आली, तिथं ती म्हणजे न्याय. म्हणून कोर्टात 'दाद मागतात', आणि तक्रारीची 'दाद लागत नाही'. गाण्याला 'दाद देतो' तेव्हाही खरं तर न्यायच करत असतो, त्या जागेला तिचं देणं देत असतो. घट्ट बसलेलं झाकण 'दाद देत नाही' तेव्हा आपली खटपट त्याच्यापर्यंत पोचत नसते.

दाद देण्यात लहानमोठं नाही. समोर कितीही मोठा गवई असो, दाद देणाऱ्याला वय विचारत नाहीत. फक्त कान असायला लागतो.

एक प्रसंग सांगतो. माझा मित्र नोकरी सांभाळून लाकूडकाम करतो. त्यानं एक पेटी केली, हातात मावेल एवढी, एकही खिळा न मारता. आम्ही सगळे 'वा, मस्त, किती गोड' करत होतो आणि तो कसनुसं हसत होता. तेवढ्यात त्याच्या ओळखीचे एक म्हातारे सुतार आले. त्यांनी झाकण उघडलंच नाही. पेटी उलटी केली, तळ बघितला, चष्मा कपाळावर सरकवला. अंगठ्याचं नख कोपऱ्यातल्या सांध्यावरून हळूच ओढलं. नख कुठं अडकलं नाही. मग दुसरा कोपरा. मग तिसरा. तिसऱ्यावर जरा थांबले, पुन्हा ओढलं, म्हणाले, "इथं पटाशीला धार कमी होती." मित्र म्हणाला, "हो, कंटाळा केला." त्यांनी पेटी सुलटी करून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "हं."

त्या 'हं'नं त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आमच्या 'मस्त'नं चढलं नव्हतं.

•••

वरच्या 'हं'ला माझाही 'हं'.

•••

मित्रमंडळींतली भाषा राहिलीच. माझ्या मुलाचं टोळकं एकमेकांचं गाणं ऐकतं तेव्हा काय म्हणतं? 'तोडलंस भावा.' 'फाडलंस.' 'राडा केलास.' 'जाळ!' ऐकणाऱ्याला वाटावं, दुकान फोडून आलेत. आधी मी वैतागायचो. मग लक्षात आलं, आम्हीही 'खल्लास गायलाय' म्हणायचोच की. खलास म्हणजे संपला! 'लाजवाब' म्हणजे ज्याला उत्तर नाही, तेही शेवटी समोरच्याचं तोंड बंद करणंच. 'अफलातून'चा प्रवास त्याहून लांबचा. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो, त्याचं अरबीत झालं अफलातून, आणि आपण ते मित्रानं मारलेल्या शिट्टीला लावतो.

'शाब्बास'चं मूळ मात्र मला फार आवडतं. फारसीत 'शाद बाश', म्हणजे आनंदी राहा. आशीर्वादच तो! आपण त्याला 'की' लावून शाबासकी केली आणि पाठीवर थापायला घेतली.

•••

प्रश्न विचारणारी मीच. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. तोवर आत्याला 'कौतुक वाटणे' वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वाटू दे की, वाटायला कोण नको म्हणतंय. निमंत्रणात लिहू नको म्हणजे झालं." आणखी एक अडचण आहे. चुलतभावानं सुचवलंय, 'हौशी चित्रकार' असं आईच्या नावाखाली घालू. ते वाचून आईचा चेहरा पडला. बोलली काही नाही. हौशीत वाईट काय आहे?

•••

हौशीत वाईट काहीच नव्हतं. 'हौसेला मोल नाही' म्हणतात ते हौसेला कमी लेखायला नव्हे, तिची किंमत करता येत नाही म्हणून. पण नाटकाच्या स्पर्धांपासून सगळीकडे 'हौशी आणि व्यावसायिक' अशी जोडी लागली, आणि तिथं हौशी दुसऱ्या पंगतीत जाऊन बसला. आता 'हौशी' म्हटलं की पुढचं 'म्हणून सांभाळून घ्या' न लिहिताही वाचलं जातं. तुमच्या आईनं तेच वाचलं असणार.

'छंद म्हणून चित्रं काढतात' हेही टाळा. छंद या शब्दाचा दोष नाही, 'म्हणून'चा आहे. नुसतं 'चित्रकार' लिहा. चित्रं काढतो तो चित्रकार. त्यासाठी आणखी कुणाच्या शिक्क्याची गरज नाही.

•••

'हरहुन्नरी' नको ना पण. आमच्या काकूला सगळे हरहुन्नरी म्हणायचे. भरतकाम, रांगोळी, बाजाची पेटी, नकला. शेवटी ती एकदा म्हणाली, "हर हुन्नर म्हणता, एकाचं तरी नाव घ्या." खरंच, इतक्या वर्षांत तिच्या पेटीबद्दल कुणी वेगळं एक वाक्य बोललं नव्हतं. 'अष्टपैलू'चंही तेच. आठ पैलू मोजले की एकाकडेही बघायला नको.

•••

कौतुक घेण्याचे शब्दही बघा की कुणीतरी. 'असंच आपलं', 'कसचं काय', 'जमलं कसंबसं', 'हात फिरला तसा'. दोन महिने खपून केलेल्या कामाला 'असंच आपलं' म्हणायचं, आणि समोरच्यानं ते खरं मानलं तर रात्रभर जळफळायचं. मी ठरवून 'धन्यवाद' म्हणायला लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मावशी म्हणाली, "शेफारली."

•••

पुन्हा मीच. मजकूर छापायला गेला. सगळी विशेषणं काढली, कौतुक, गौरव, हौशी, सगळं. 'आईनं चित्रं काढली आहेत. बघायला या.' खाली नाव, वेळ, पत्ता. आत्यानं 'हे बरंय' म्हटलं. (बरंय! 'की' नाही आलं.)

आईला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं, 'चित्रं'वरचा अनुस्वार आहे ना ते बोटानं तपासलं, आणि म्हणाली, "असंच आपलं काढलंय सगळं. लावताना तिरकी लावू नका." मग आत गेली. थोड्या वेळानं बघितलं तर खिडकीचं चित्र भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवलं होतं आणि बारीक कुंचल्यानं सावलीचा एक कोपरा पुन्हा रंगवत बसली होती.